चाळीस घरांचं सुख

"चाळीस घरं? दोन दिवसांत उडवते!" अंगणवाडीच्या रोहिणीनं नांदूरघाटच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं. गाव किती सुखात आहे ते मोजायचं, मग त्यावरून सरकार ठरवणार, कुठं काय द्यायचं. प्रश्न दहाच! फॉर्म खरंच दोन दिवसांत भरले. राहिली फक्त सरपंचांची सही.

सरपंच तात्याबांनी पेन उघडलं आणि नजर सातव्या प्रश्नावर अडकली. 'अडीअडचणीला धावून येईल अशा एका माणसाचं नाव सांगा.' फॉर्म चाळले. घरोघरी एकच नाव: शेरडं राखणारी छबुबाई!

"माझं नाव कुठाय?"

"न्हाई आलं, तात्या."

"आमच्या घरानं बी न्हाई घेतलं?"

"वच्छलाकाकूंनी तर प्रश्न संपायच्या आतच छबुबाई सांगितलं."

तात्याबांचा चेहरा पंक्चर ट्यूबसारखा बसला. पंधरा वर्षं सरपंच, आन् बायकोसुद्धा! त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आठ दिवसांनी परत इचारा. तवर सही न्हाई!"

आणि तात्याबा मदतीला सुटले!

कडूबाईची म्हैस धरायला गेले. म्हशीनं पान्हा चोरला तो चोरलाच. रामेश्वरचा चांगला चालू ट्रॅक्टर त्यांनी ढकलला, तो थेट हौदात! ऋतुजाला बघायला पाहुणे आले, तर हे मधे बसून म्हणाले, "पोरगी तापट हाय, पर मनानं लई चांगली!" पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. तात्याबांच्या जीपचा आवाज आला की गाव भरदुपारी कड्या लावू लागलं.

"रोहिणे," कडूबाई हात जोडून म्हणाली, "त्येंला तिकडं लांब घाटनांदूरला मदतीला धाड की गं!"

आठव्या दिवशी रोहिणी पुन्हा घरोघर फिरली. सातव्याला छबुबाई जागची हलली नव्हती. आठवा प्रश्न होता, 'सध्याची सर्वांत मोठी अडचण कोणती?' तिथं मात्र सगळ्यांची उत्तरं बदलली होती.

"आलं का नाव?" तात्याबांनी अगदी भीत भीत विचारलं.

"आलं, तात्या. चाळीसच्या चाळीस घरांत."

कितव्या प्रश्नात, ते सांगायला तिची जीभ रेटेना. तात्याबांचे डोळे असे भरून आले, की फॉर्म त्यांना दिसलेच नाहीत. धडाधड सह्या ठोकल्या, वर गावाला पेढे!

चार दिवसांनी वरच्या कचेरीतून फोन आला. "मॅडम, तुमच्या गावात 'तात्याबा'चा लई त्रास दिसतोय. साथ हाय का कीड? फवारणीची गाडी पाठवू?"

रोहिणीनं दारातून पाहिलं. अंगणवाडीच्या न गळणाऱ्या पत्र्याला तात्याबा शिडी लावत होते.

"पाठवा साहेब," ती हळूच म्हणाली, "पर जरा लवकर!"