धाकटीचा भाव

पंचफुलानं उभ्या जन्मात बॅटरी सरळ धरली न्हाई. आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं कामबी तेच. मंगळवार होता. दिवेलागणीला लाइट गेलेली. मी गाडीच्या बॉनेटात कमरेपर्यंत वाकलेलो आणि बायको शेजारी बॅटरी धरून उभी. बोल्ट खाली डाव्या अंगाला, उजेड माझ्या तोंडावर.

"अगं, बोल्ट दाखव. माझं थोबाड काय दाखवून राहिली?"

"तुमच्या थोबाडावरून कळते बोल्ट बसला का न्हाई ते."

"मला दिसाया पायजे ना."

"तुमाला हातानं दिसते."

बोल्ट बसला. मी सांगायच्या आधीच तिनं बॅटरी विझवली आणि भाकरी थापायला गेली. गुरुवारी सकाळी तिच्या छातीत कळ आली. हिंगोलीला पोचेस्तवर खेळ आटोपला.

मी चौथी शिकलेला माणूस. कनेरगाव नाक्यावर चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं. रडगाणं मला लिहिता येत न्हाई. बायको कशी होती तेवढं सांगतो. ती जराशी येडी होती. नाक्यावर कुणालाबी विचारा.

तिचं येड म्हणजे एक गाडी. एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असंल. हैदराबादचा एक माणूस मामाची जुनी अमेरिकन गाडी नागपूरला विकायला नेत होता. माझ्या दुकानासमोर गाडीनं धूर टाकला आणि बसली. दोन दारं, आठ सिलिंडर, स्टेरिंग डाव्या हाताला, बॉनेट दोन खाटांएवढं. रंग काळा. लिटरला चार किलोमीटर जाणार, तेबी उतार लागला तर. मी इंजिन खोललं. सामान इथं मिळणारं नव्हतं. तो माणूस गेला, सालभरानं कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुम ही रख लो. भंगार है." मजुरीच्या बदल्यात त्यानं गाडी माझ्या नावावर केली, वर माझ्याच पैशानं चहा पिऊन गेला.

पंचफुलानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "सवत आणली म्हणा की," ती बोलली. तेव्हापासून गाडीचं नाव धाकटी. "धाकटीला झाकलं का?" "धाकटीच्या अंगावर कोंबडी बसून राहिली, हाकला." पाव्हण्यांना वाटायचं या म्हाताऱ्यानं खरंच दुसरी केली. एका पाव्हणीनं तर धाकटीसाठीबी चोळीचा खण आणला होता. पंचफुलानं दोन्ही खण ठेवून घेतले.

उन्हाळ्यात ती बॉनेटावर कुरडया वाळत घालायची. काळा पत्रा असा तापायचा की दुपारपर्यंत कुरडई कडक. पत्र्यावर गोल गोल डाग पडले ते कायमचे.

भावाचं येड तिला भंगारवाल्यानं लावलं. तो आला, गाडीला लाथ मारून बघितली आणि सगळ्या गाडीचे एवढे पैसे सांगितले की तेव्हा त्यात तोळाभर सोनं आलं असतं. पंचफुला म्हणाली, "एवढ्यात तर तिचा आरसा येत न्हाई." हे वाक्य तिला एवढं आवडलं की पुढं ती ते सगळ्यालाच लावायची. वांग्यावाल्याला म्हणायची, पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या बापालाबी म्हणाली.

तिथून पुढं ती नाक्यावर थांबणाऱ्या ड्रायव्हर लोकांना कापसाचा भाव विचारावा तसा गाडीचा भाव विचारायला लागली. "तिकडं जुन्या अमेरिकन गाडीचं काय चालू हाय?" ड्रायव्हर लोक काय, फुकट चहा मिळतो म्हटल्यावर वाट्टेल ते सांगणार. "अम्मा, हैदराबाद में दो लाख का बोली लगा." ती ते रुपयात कधी धरायची न्हाई. म्हणायची, रुपया रोज बारीक होतो, सोनं होत न्हाई. संध्याकाळी मला सांगायची, "धाकटी चाळीस तोळ्यावर गेली." स्वतःच्या गळ्यात नुसती काळी पोत.

मी मातूर एक घाण केली. पंच्याण्णव साली लग्नसराईत गाडी वरातीला चालवावी म्हणून तिचं पेट्रोलचं इंजिन काढलं आणि जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. मला वाटलं मी मोठा शहाणा. अॅव्हरेज तिप्पट झाला. आवाज मातूर पिठाच्या गिरणीचा. पंचफुला म्हणाली, "दिसाया राणी आणि खोकली की म्हातारी." काढलेलं इंजिन भंगारवाल्याला देऊन टाक म्हणून मी तिला सांगितलं आणि औंढ्याला एका वरातीला गेलो. आलो तर तिनं अकराशे रुपये हातावर ठेवले. "गेलं," म्हणाली.

त्याच आठवड्यात दोन शेळ्या कमी दिसल्या. विचारलं तर म्हणाली, लांडग्यानं नेल्या. त्या लांडग्याला मी नऊ वर्षं शिव्या दिल्या.

पुढं दिवस पालटले. नव्या गाड्यांत कंप्युटर आला. ड्रायव्हर लोक बॉनेट उघडून दाखवायचेच न्हाईत, नांदेडला कंपनीच्या वर्कशॉपात जायचे. वराती बोलेरोत निघायला लागल्या. दोन हजार तीन-चारच्या सुमारास माझ्या दुकानात दिवसाला एक पंक्चर यायचं, तेबी सायकलचं. मी खाटेवर पडलो. आजारी नव्हतो. भिंतीकडं तोंड करून पडायचो, एवढंच. पंचफुला भाकर आणून ठेवायची, मी अर्धी खायचो. आमाला लेकरूबाळ न्हाई, मग कुणासाठी उठायचं?

अशात एक दिवस औरंगाबादचे डॉक्टर आले. दाताचे डॉक्टर, माझ्याच वयाचे, टक्कल पडलेलं. कुण्या ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं की कनेरगाव नाक्यावर एक बाई अमेरिकन गाडी घेऊन बसली आणि ड्रायव्हर लोकांचं डोकं खाते. डॉक्टरांनी गाडी बघितली आणि पोर जत्रेत रडतं तसं त्यांचं तोंड झालं. म्हणाले, बारा वर्षांचा असताना मासिकात हिचं चित्र पाहिलं होतं. कापून उशीखाली ठेवलं होतं.

पंचफुलानं चहा टाकला आणि विचारलं, "डॉक्टर, भंगाराला भाव काहून चढतो?"

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, ज्या पोरांना तेव्हा ही गाडी नुसती बघायला मिळाली, त्यांचे आता केस पिकले आणि हातात पैसा आला. म्हणून भाव चढतो."

"मग हे म्हातारे मेल्यावर?"

"पडेल कदाचित."

"म्हणजे गाडीचा भाव न्हाई. म्हाताऱ्याच्या हौसेचा भाव हाय."

डॉक्टरांनी पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, रंग मूळचा आहे, हे फार मोलाचं. फक्त हे गोल डाग कसले?

"कुरडयाचे. तेबी मूळचेच हायत," पंचफुला म्हणाली.

मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. दाढ तपासावी तसं आत डोकावले आणि मटकन खाली बसले. मूळ इंजिन पायजे होतं. गाडीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळला तरच खरा भाव, न्हाईतर निम्माबी न्हाई. मी सांगितलं, भंगारात गेलं, अकराशेला. जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

पंचफुला उठली, गोठ्यात गेली आणि गोवऱ्यांची रास उपसायला लागली. आमी दोघं बघत उभे. गोवऱ्यांखाली गोणपाट, गोणपाटाखाली गोधडी, गोधडीत इंजिन. वरून तेल चोपडलेलं. गोवऱ्यांचा तळचा थर ती कधी जाळायची न्हाई, विचारलं तर म्हणायची, पावसाळ्याला राहू द्या. तांड्यावरच्या सहा गड्यांनी ते ओढत आणलं होतं. सगळ्या नाक्याला माहीत, एकट्या मला न्हाई.

"आणि ते अकराशे?" मी विचारलं.

"लांडग्यानं दिले," ती म्हणाली.

"काहून पण?"

"ते इंजिन पहिल्यांदा खोललं त्या दिवशी तुमी जेवाया इसरले होते. जेवण इसरायला लावते ती वस्तू भंगारात घालत नसतात."

डॉक्टर म्हणाले, हे इंजिन परत बसवून चालू केलं तर मी तीन लाख देतो. मला वाटलं पंचफुला पेढे आणायला पळंल. ती म्हणाली, "आधी चालू तर होऊ द्या."

मी खाटेवरून उठलो तो असा. दोन वर्षं लागली. एकेक भाग हिंगोलीच्या लेथवर बनवून घेतला. जीपचं इंजिन उतरवलं, मूळचं बसवलं. आणि दर वेळेला बायको बॅटरी धरून शेजारी, उजेड माझ्या तोंडावर. भांडून भांडून आमचे घसे बसले. ज्या दिवशी चालू झालं त्या दिवशी जमिनीतून आवाज आला. शेजारच्या कोंबड्या आठ दिवस अंडी द्यायच्या राहिल्या.

डॉक्टर तीन लाख घेऊन आले. पंचफुला म्हणाली, "एवढ्यात तर तिचा आरसा येत न्हाई. चार. आणि पाठीमागची गादी बाकी हाय अजून."

मी गादी केली. डॉक्टर चार घेऊन आले. ती म्हणाली साडेपाच, दाराच्या काचा बाकी हायत. मी काचा केल्या. मधी एकदा डॉक्टर पडेल चेहऱ्यानं आले. म्हणाले, अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला, गाड्यांचे भाव उतरले. पंचफुलाचं माहेर साखरा. ती म्हणाली, "अमेरिकेत घरं पडली तर साखऱ्याच्या लेकीनं काहून कमी घ्यावं?" आणि उलटे पन्नास हजार वाढवले. डॉक्टरांनी तिची दुखरी दाढ फुकटात काढली, तरी तिनं एक रुपया सोडला न्हाई.

मला सोसंना झालं. घरावर स्लॅब टाकायचा होता, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मी नाक्यावर चार लोकांत म्हणालो, "माझ्या बायकोला सोन्याची हाव सुटली. मेल्यावर तोळे बांधून नेणार हाय." लोक हसले. तिच्या कानावर गेलं. ती मला एवढंच म्हणाली, "तुमी आधी ते धुराचं नळकांडं बदला." शेवटचा भाव तिनं सांगितला नऊ लाख. डॉक्टर मान हलवून गेले.

मग तो मंगळवार आला, आणि गुरुवार.

पुण्यानुमोदन झालं, पाव्हणे पांगले. मी परत खाटेवर, भिंतीकडं तोंड. आठ दिवसांनी डॉक्टर आले. खाटेजवळ स्टूल ओढून बसले. पायाशी पिशवी.

"मिस्त्री, नऊ आणले आहेत. वहिनींनी सांगितलेले. पण पिशवी उघडायच्या आधी एक सांगतो. न सांगता गाडी नेली तर ती चोरी होईल."

"सांगा."

"माझ्या तिसऱ्या खेपेला तुम्ही दूध आणायला गेला होतात. वहिनी मला म्हणाल्या, 'डॉक्टर, तुमी येत जा, भाव करत जा. मी वाढवत जाईन, तुमी रागावू नका. गाडी इथून हालली की हा माणूस खाटेवरून उठायचा न्हाई. मी बघितलं हाय त्याला भिंतीकडं तोंड करून.'"

मी भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडं वळवलं.

"मग तुमी काहून येत राहिले?" मी विचारलं.

"माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली," डॉक्टर म्हणाले. "इथं चहा चांगला मिळायचा. आता तुम्ही सांगा. नेऊ का ठेवू?"

मी म्हणालो, उद्या या. ते हिंगोलीला लॉजवर गेले.

सकाळी मी उठलो. तोंड धुतलं, चहा टाकला. साखर किती घालायची मला माहीत नव्हतं, तीन चमचे घातली. लाइट गेलेलीच होती, शेडात अंधार. धाकटीचं बॉनेट उघडलं. बॅटरी वरच्या खिळ्याला टांगली. उजेड बराबर बोल्टावर पडला, जसा मला तीस वर्षं पायजे होता तसा. त्या उजेडात माझ्यानं एक पाना फिरवला गेला न्हाई.

डॉक्टर आले. पिशवी हातात, बघत उभे राहिले.

"एवढ्यात तर तिचा आरसा येत न्हाई," मी म्हणालो. "साडेनऊ. आणि कार्बोरेटर बाकी हाय अजून."

डॉक्टरांनी पिशवी गाडीच्या टपावर ठेवली, खिळ्याची बॅटरी काढून हातात घेतली. दातांचा माणूस, उजेड नेमका जिथं पायजे तिथंच धरला.

"असं न्हाई, डॉक्टर," मी म्हणालो. "जरा माझ्या थोबाडावर धरा."