मामंजींचा बगीचा

व्हिडिओ कॉलवर अच्युतरावांच्या मागे फिशटँक दिसला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"बाबा, टँक किती भकास दिसतोय हो," पुण्याहून तन्वी म्हणाली. "आईची गोष्ट वेगळी होती. आता मासे देऊन टाका कुणाला तरी आणि तुम्ही इकडे या. एकट्याने नाही व्हायचं तुमच्याकडून."

अच्युतराव इंदूरला सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात अकाउंट्स बघायचे. माणूस शांत. पण 'नाही व्हायचं' म्हटलं की त्यांच्यात काहीतरी उसळायचं.

"दिवाळीला येशील ना, तेव्हा टँक हिरवागार असेल."

"ऑस्करसमोर? आईचं एक झाड टिकलं नाही कधी!"

"आणि एक जरी टिकलं तर?"

"तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. पण खरं झाड हवं. प्लॅस्टिक नाही चालणार."

त्या टँकमध्ये ऑस्कर जातीचे दोन मासे होते. तन्वीच्या आईने, रमाने, ते बोटाएवढे असताना आणले होते, आता परातीत मावले नसते. मोठा दिवसभर भिंतीकडे तोंड करून रुसून बसायचा आणि संध्याकाळी उठून घरातलं सगळं सामान इकडचं तिकडे करायचा, म्हणून रमाने त्याचं नाव ठेवलं होतं मामंजी. (खऱ्या मामंजींच्या कानावर हे गेलं नाही, तेवढं बरं.) दुसरी त्यांच्या मागे फिरून प्रत्येक गोष्टीला तोंड लावायची. ती नणंदबाई. रमा गेल्याला वर्ष होत आलं होतं. पण स्नेहलतागंजच्या त्या फ्लॅटमध्ये मामंजींना दाणे घालताना ती जसा गमतीने डोक्यावर पदर घ्यायची, तसा अच्युतराव अजून डोक्यावर रुमाल सारखा करत.

बडा गणपतीजवळच्या निखिलच्या दुकानातून त्यांनी पहिलं झाड आणलं ते मोरपिसासारखं नाजूक. पाण्यात सोडलं आणि चहा टाकायला गेले. चहा गाळून येईपर्यंत फक्त देठ उरला होता आणि नणंदबाई तृप्त दिसत होत्या. दुसरं झाड लांब पात्यांचं. ते खड्यांत नीट रोवलं. मामंजींनी ते खाल्लं नाही, नुसतं उपटलं, टँकभर फिरवलं आणि अच्युतरावांच्या तोंडासमोर काचेशी आणून सोडलं.

"भाऊजी, मासे म्हणजे काय, आपल्यासारखेच," शेजारच्या अमितावहिनी म्हणाल्या. "चांगलं लागलं की खाणारच."

ऑफिसात कचोरी खाताना अच्युतरावांना या वाक्याचा अर्थ लागला. चांगलं लागलं की खातात. मग चांगलं न लागणारं झाड आणायचं! आणि चांगलं-वाईट ठरवायला जीभ लागते. ती त्यांच्याकडे होती. कारखान्यात कुणीही शेव आणली तरी पहिला घास अच्युतरावांचा. लवंग कमी आहे की तेल शिळं आहे, हे ते डोळे मिटून सांगत. इंदुरात वाढलेला माणूस देवावर एक वेळ शंका घेईल, स्वतःच्या जिभेवर नाही.

शनिवारी ते दुकानात गेले. पहिल्या झाडाचं पान तोडलं, नळाखाली धुतलं आणि तोंडात टाकलं.

निखिल मापलेले दाणे सांडून बघतच राहिला. "अंकलजी, ये मछली के लिए है!"

"मालूम है. ये नहीं चलेगा. पालकासारखं लागतंय, लगेच फस्त करतील."

दुसरं त्यांना काकडीसारखं लागलं. तिसऱ्याला तर त्यांनी (वरून थोडा पोह्यांवरचा जिरावन मसाला असता तर, असं म्हणत) दाद दिली. दुकानातली गिऱ्हाइकं मासे सोडून यांच्याकडे बघायला लागली.

"भिया, इनको प्लेट दे दो एक," मागून कुणीतरी म्हणालं.

मग आलं जाड, गडद हिरव्या पानांचं झाड. निखिल त्याला अनुबियास म्हणाला. अच्युतरावांनी चावून बघितलं. काहीच नाही. खात्री करायला आणखी एक घास घेतला.

आणि मग कळलं. आधी जिभेला टाचण्या टोचल्या, मग ओठांना, मग घसा खाजायला लागला. नीट न शिजलेलं अळू खाल्लेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हे पान अळवाच्याच भावकीतलं होतं! डोळ्यांतून पाणी वाहत असताना अच्युतरावांनी त्याकडे विजयाने बोट दाखवलं.

"ये... ये दे..."

"ले जाओ, अंकलजी, ले जाओ! पर गाड़ना मत, पत्थर पे बाँधना. और घर जाके डॉक्टर को फोन करना!"

घरी येऊन त्यांनी रमाचा शिवणाचा डबा उघडला. वर सुई होती, साडीच्या फॉलचा निळा दोरा ओवलेली. ती त्यांनी तशीच ठेवली. हिरवं रीळ काढलं आणि झाड दगडाला पक्कं बांधलं. तेवढ्यात तन्वीचा फोन आला.

"बाबा, काय करताय?"

"धाड... थापडलं," अच्युतराव आनंदाने म्हणाले.

"बाबा? नीट बोला ना. बाबा!"

"दीभ... दड..."

पुढचं वेगाने झालं. तन्वीने अमितावहिनींना फोन केला. त्या ताकाचा तांब्या आणि चिंचेचा गोळा घेऊन धावल्या. भाऊजींच्या इशाऱ्यांवरून अळू त्यांना कळलं, पण ते माशांच्या दुकानात कसं मिळालं हे कळेना. त्या तन्वीला समजावणार, तोवर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला असं समजून तिने विमानाचं तिकीट काढलंही होतं.

सकाळी ती दारातूनच ओरडली, "बाबा, हसून दाखवा! दोन्ही हात वर करा!"

अच्युतरावांनी हात वर केले. हसले. जिभेची सूज उतरली होती, म्हणून खरं काय ते सांगितलं.

तन्वी खुर्चीत बसली आणि हसायला लागली. मध्येच रडली, पुन्हा हसली. या घरात इतकं मोठ्याने कुणी हसल्याला बरेच दिवस झाले होते. मामंजी पुढे आले, त्यांनी एक पान तोंडात धरलं, थांबले आणि थुंकून टाकलं.

"बघा, त्यांना एका घासात कळलं," तन्वी म्हणाली. "तुम्हाला दोन लागले."

दिवाळीत ती आली तेव्हा झाडाने दगड धरला होता आणि मधोमध एक पोपटी पान उलगडत होतं. तन्वी काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. पुण्याचा विषय तिने काढला नाही.

निघताना मात्र तिने बाबांच्या फ्लॅटची दुसरी किल्ली अमितावहिनींच्या हातात दिली.

"काकू, त्या झाडाकडे लक्ष असू द्या हं."

"अगं, मासे आता त्याला तोंडसुद्धा लावत नाहीत."

"माशांचं कोण म्हणतंय?"