माहेरवाशिणींची चिंच

सरावलीतल्या आमच्या सोसायटीत सात गाड्या आहेत. पावसाळाभर त्या सातही गाड्या रोज सकाळी सोनवणेनाना धुवायचे. नानांकडे स्वतःची गाडी नव्हती. सायकलसुद्धा नव्हती.

याला कारण फाटकाजवळची चिंच. पावसाळा लागला की तिच्यावर बगळ्यांची घरटी व्हायची, आणि खाली आमच्या गाड्या. माझी गाडी काळी आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. कुणी फांद्या छाटायचा विषय काढला की नाना बादली घेऊन हजर. "डाग राहिलाय का कुठे? मग तक्रार कसली?"

नाना मूळचे जळगावकडचे, माझ्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी पुण्याला सासरी. बगळ्यांना ते माहेरवाशिणी म्हणत. "आल्या का लेकी?" असं विचारलं की खूश व्हायचे.

"आल्या ना. मुरब्याची खाडी जवळ, पोरांना मासे मिळतात. दुसरीकडे नाही टेकायच्या त्या. बाळंतपण काय कुठंही होतं का, भाऊ?"

उन्हातसुद्धा छत्री उघडून ते झाडाखाली उभे राहत. वर बघता यावं म्हणून छत्रीला एक भोक पाडलं होतं. त्यातून व्हायचं तेच व्हायचं, आणि नाना चष्मा पुसून पुन्हा वर बघायचे.

गेल्या श्रावणात ते आठवडाभर मुलीकडे गेले. आम्ही तेवढ्यात उरकून घेतलं. सोसायटीचा सेक्रेटरी मीच. फांद्या तोडायला चढलेला माणूस अर्ध्यावर थांबला.

"साहेब, वर पिलां हायत. उडता नाय येत त्यांना. कापू का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "काप."

पुढचं मला लिहवत नाही. लाज वाटते.

नाना परतले ते पेढे घेऊन. नातू झाला होता. पेढ्यांचा पुडा हातात धरून ते बराच वेळ बोडक्या चिंचेखाली उभे होते. छत्री उघडली नाही. मग घरोघर पेढे वाटले, माझ्याकडेही दिले.

यंदा एकही बगळा आला नाही. गाड्या लख्ख. तरी नाना रोज सकाळी बादली घेऊन खाली उतरतातच. मला ते बघवेना. एकदा धीर करून सांगितलं, "नाना, कापायला मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे." ते काच पुसत राहिले. मग म्हणाले, "लेकीला म्हटलं होतं, बाळंतपणाला ये, मी करतो सगळं. ती म्हणाली, आई नाही तिथं कशी येऊ? बरोबरच आहे तिचं." त्यांनी फडकं पिळलं. "या मात्र यायच्या."

नानांनी बादली उचलली.

"भाऊ, गाडी तेवढी चिंचेखालीच लावत जा. आल्याच तर मी आहे पुसायला."

तेव्हापासून मी गाडी तिथेच लावतो. सकाळी खाली उतरलो की आधी टप बघतो. अजून एकही डाग पडलेला नाही.