संख्याशास्त्राची फितुरी

"या शहरात माणसं दोनच प्रकारची आहेत. एक, ज्यांची गुपितं मला ठाऊक आहेत. आणि दुसरी, ज्यांनी अजून गुपितं केलेलीच नाहीत."

असं सुगावामामा स्वतःबद्दल सांगत. कोणी विचारल्यावर सांगत असं नव्हे. कोणी विचारत नसे, म्हणूनच सांगावं लागे. आपलं नाक शिकारी कुत्र्याचं, कान सशाचे आणि नजर घारीची आहे असंही ते म्हणत. त्यावर त्यांच्या ताईचा एकच प्रश्न असे, की मग यात आपल्या आईवडिलांचं काय आलंय.

मामांचं कार्यालय म्हणजे दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, चष्म्याच्या दुकानाची मागची बाजू. दारावर 'चष्मे मिळतील' अशी मोठी पाटी होती आणि तिच्याखाली दाटीवाटीने लिहिलेली दुसरी: 'सुगावा. खासगी शोध, अचूक निदान. संचालक एम.ए. (तर्कशास्त्र), सुवर्णपदक.' तिथलं भिंग दाजींचं, खुर्ची दाजींची आणि सहायकही दाजीच. हे सहायकपद दाजींनी मागितलं नव्हतं. सासुरवाडीहून मिळालेल्या इतर वस्तूंसारखंच ते मिळालं होतं आणि परत करायची सोय नव्हती.

त्या दुपारी दाजी एका आजोबांना तक्त्यावरची खालची ओळ वाचायला लावत होते आणि आजोबा ती मनाने रचून सांगत होते. तेवढ्यात एक मुलगी आत आली आणि तिने सुगावा इथेच का, असं विचारलं. मामा पडद्यामागून बाहेर आले, भिंगातून तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि जाहीर केलं, की तुम्ही डावखुऱ्या आहात, घरी मांजर आहे आणि इथे बसने आलात. मुलीने उजव्या हाताने केस मागे सारले आणि सांगितलं की ती चालत आली आहे आणि मांजर जवळ आलं तरी तिला शिंका येतात.

"म्हणजे मांजराशी संबंध आहे," मामा म्हणाले. "दाजी, टिपून घ्या."

मुलगी विद्यापीठात शिकत होती. गाव लांब, म्हणून एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती. परीक्षेचा निकाल लागला आणि तिचा संख्याशास्त्राचा विषय राहिला. विद्यापीठाचा नियम असा की निकाल फक्त ज्याचा त्याला दिसतो. आईबापांनासुद्धा मुलांच्या संमतीशिवाय काही सांगत नाहीत. तिने ही गोष्ट एकट्या मैत्रिणीला सांगितली होती, आणि त्याच आठवड्यात आईचा फोनवर संदेश आला: संख्याशास्त्राचं मनाला लावून घेऊ नकोस, पुन्हा देता येतं.

मग काय, मुलीचं डोकं फिरलं. तिने मैत्रिणीला फितूर म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. मैत्रीण दुसरी खोली बघून आली. शुक्रवारी ती जाणार होती. आईचे फोन तर मुलीने तेव्हापासून घेतलेच नव्हते.

"काका, तिने सांगितलं असेल तर जाऊ दे तिला," मुलगी म्हणाली. "पण नसेल सांगितलं, तर मी फार वाईट वागलेय. मला तेवढंच कळायला हवं."

चुकीच्या नंबरचा चष्मा दिला तर गिऱ्हाईक परत तरी येतं, ही मुलगी चुकीचं उत्तर घेऊन गेली तर मैत्रीण परत यायची नाही, हे दाजींना दिसत होतं. मामांना मात्र प्रकरण रंगलेलं दिसत होतं.

पहिला सिद्धांत मामांनी उभ्या उभ्या मांडला. विद्यापीठाच्या नोंदी ज्या खिडकीतून मिळतात, तिथली कारकूनबाईच गुन्हेगार. खिडकीची झडप अर्धी उघडली की नापास आणि पूर्ण उघडली की पास, अशी खूण ती बाहेर देत असणार. बाहेर म्हणजे कोणाला, असं दाजींनी विचारलं. "तेच तर शोधायचंय," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून दोघं विद्यापीठात गेले. झडप अर्धीच उघडी होती, कारण बिजागरी गंजलेली होती. मामांनी आपलं कार्ड आत सरकवलं आणि अमुक मुलीची नोंद तपासासाठी हवी म्हणून सांगितलं. बाईंनी कार्ड वाचलं, परत सरकवलं आणि मान हलवली. "ज्याची नोंद, त्याची परवानगी," त्या म्हणाल्या.

मामा जिन्याखाली गेले आणि मिशी लावून परत आले. आता ते मुलीचे वडील होते. बाई म्हणाल्या, मुलगी सज्ञान आहे, तेव्हा वडिलांनाही तिची लेखी संमती आणावी लागेल, आणि तुमची मिशी डावीकडून सुटते आहे. तिसऱ्या खेपेला मामा पाठीवर दप्तर आणि डोक्यावर उलटी टोपी घालून आले आणि आपण स्वतःच ती विद्यार्थिनी असल्याचं त्यांनी नाजूक आवाजात सांगितलं. बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि मागे उभ्या दाजींना विचारलं, नंबर वाढला की असं होतं का हो. दाजींनी सवयीने दुकानाचं कार्ड दिलं.

"या असल्या गुप्ततेमुळेच गुन्हेगार मोकाट सुटतात," मामा गरजले. "माणसाच्या परीक्षेत लपवण्यासारखं असतं काय?"

बाईंनी मामांचं कार्ड पुन्हा उलटून बघितलं. "एम.ए., सुवर्णपदक. इथलेच का? मग तुमची स्वतःची नोंद हवी असेल तर आत्ता काढून देते. ती तुमचीच आहे, कोणाला विचारायला नको."

मामांना अचानक ठसका लागला. पाणी शोधायला म्हणून ते जे गेले ते थेट फाटकापाशीच सापडले. दाजी दोन मिनिटं मागे रेंगाळले. इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न त्यांनी खिडकीशी वाकून हळूच विचारला, की या गृहस्थांचं ते पदक वगैरे खरं आहे का. बाईंनी त्यांच्याकडेही तसंच बघितलं. "ज्याची नोंद, त्याची परवानगी," त्या म्हणाल्या. दाजी ओशाळून निघाले.

त्यानंतर सिद्धांतांचं पीकच आलं. खोलीशेजारचा इस्त्रीवाला कपड्यांच्या घड्यांमधून निरोप पाठवतो, हा एक. मुलगी झोपेत बोलते आणि भिंत पातळ आहे, हा दुसरा. मुलीची आई हीच मुळात विद्यापीठाची कुलगुरू आहे, हा तिसरा, आणि तो मामांना स्वतःलाच इतका आवडला की दाजींनी खोडून काढल्यावर ते जेवताना बोलले नाहीत.

मैत्रिणीची उलटतपासणीही झाली. ती खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती. मामांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, स्वतःला शिंक आल्यावर 'मांजर' एवढंच उद्गारले आणि खोक्याचा वास घेतला. मैत्रीण त्यांच्याशी नाही, दाजींशी बोलली.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "पण तिला सांगू नका मी असं म्हटलं म्हणून. तिने विचारायला माणसं पाठवली, म्हणजे तिचं ठरलंय."

मग ती पुस्तकं भरायला वळली. दाजींना उगाच आपल्या तिथे असण्याची लाज वाटली. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, गुन्हेगार नेहमी पुस्तकंच आधी भरतो.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी दुकानात आली. मामांनी पडद्यावर लाल दोरे लावून नकाशा केला होता आणि तो समजावून सांगताना एक दोरा त्यांच्याच बटणात अडकला होता. सगळ्याचा निष्कर्ष असा, की फितूर मैत्रीणच आहे, किंवा नाही. मुलीने मान खाली घातली. "मग जाऊ दे तिला," ती म्हणाली.

ताई चहा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं, कपबश्या मांडल्या आणि दोर्‍यांत गुरफटलेल्या भावाकडे बघितलं.

"अरे, पण हिच्या आईला विचारलंत का कोणी, तुम्हाला कसं कळलं म्हणून?"

मामा म्हणाले, सरळ विचारणं हे शोधशास्त्रात बसत नाही, ते चौकशी खिडकीचं काम झालं. मुलगी म्हणाली, आई मैत्रिणीचं नाव सांगणारच नाही. पण ताईने फोन तिच्या हातात दिला आणि लाव म्हणाली. काखेत कळसा असला तरी काख उचलून बघावी लागते, एवढं ती पुटपुटली.

आईने पहिल्या घंटेलाच फोन उचलला. मुलीने कुठलीही प्रस्तावना न करता विचारलं, आणि फोनचा आवाज मोठा ठेवला.

"कोण कशाला सांगेल?" आई म्हणाली. "तूच सांगितलंस. निकालाच्या दिवशी फोन केलास आणि आजीचे गुडघे कसे आहेत विचारलंस. शेजारचा कुत्रा जेवतो का विचारलंस. गळका नळ दुरुस्त झाला का विचारलंस. बरी असलीस की तुला आमची आठवण तरी येते का गं? शाळेपासून हेच. काही बिघडलं की तू साऱ्या गल्लीची खुशाली विचारतेस. मग निकालाचं विचारलं तर पाच विषय भडाभडा सांगितलेस. सहावा राहिला, तो कुठला ते मला कळणार नाही?"

मुलगी हसली आणि तेव्हाच तिला रडूही आलं. "माझंही चुकलंच," आई हळू म्हणाली. "कळलं म्हणून लगेच बोलायचं नसतं. तू सांगेपर्यंत थांबायला हवं होतं. ते तुझं होतं."

फोन ठेवून मुलगी चहा तसाच सोडून पळाली. चप्पलही तिने रस्त्यावर जाऊन नीट घातली. शुक्रवारी सकाळी ती दाजींना दिसली. दोघी मिळून तेच खोकं वाहत होत्या, पण खोलीकडे परत. खालच्या जिन्यावर त्यांचं जोरात भांडण चालू होतं, खोक्याची जड बाजू कोणाकडे यावर. दाजींनी मुद्दाम रस्ता ओलांडला आणि दुकानापर्यंत एकटेच हसत आले.

त्या संध्याकाळी मामांनी नकाशा उतरवला. लाल दोरे ताईच्या शिवणाच्या डब्यात गेले. मामा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाजी, तुमची कंबर कशी आहे?"

दाजी चकित झाले. कंबर बरी होती. मग मामांनी तक्ता वाचता न आलेल्या आजोबांची चौकशी केली. मग समोरच्या शिंप्याच्या सुनेची, मग दुकानाच्या छताच्या ओलीची. दाजींनी ताईकडे बघितलं. ताई चष्म्याच्या काचा पुसत होती. तिने मान वर केली नाही, पण नवऱ्याला गप्प राहायची खूण केली. असाच तिचा भाऊ तरुणपणी एकदा विद्यापीठातून घरी आला होता आणि असाच दारापासून एकेकाची तब्येत विचारत आत शिरला होता, हे तिने दाजींना आदल्याच रात्री सांगितलं होतं. तेव्हापासून आजवर तिने त्याला काही विचारलं नव्हतं, आणि पाटीवरच्या 'सुवर्णपदक' या शब्दावरची धूळ दर आठवड्याला तीच पुसत होती.

"दाजी," मामा म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी खिडकीशी मागे थांबलात. माझ्याबद्दल विचारलंत?"

दाजींनी खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "विचारलं. त्यांनी सांगितलं नाही."

"चांगली बाई आहे," मामा म्हणाले. मग त्यांनी घडीचं भिंग उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "ताई, माझा एम.ए.ला विषय राहिला होता. तर्कशास्त्र. पुन्हा बसलोच नाही. पदकबिदक काही नाही."

ताईने हातातली काच उजेडाकडे धरली, नीट पाहिली आणि खाली ठेवली.

"हो का?" ती म्हणाली. "मला काही कल्पनाच नव्हती रे."