शेषेरावांचं थेटर आणि परभणीचं स्थळ

"माणसानं मनावर घेतलं की कॉम्प्युटर बी निमूट ऐकतो," असं शेषेराव नांदेडच्या पाटबंधारे कचेरीत रोज सांगायचे आणि सगळे माना डोलवायचे, कारण त्या वेळचा चहा शेषेरावच पाजायचे.

बोलायला त्यांच्याकडं कारण होतं. मुलगी साक्षी हिचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर माळ्यावर धूळ खात पडला होता. तो त्यांनी खाली काढला, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये कोंबला आणि मोबाईलवरचे धडे बघून बघून त्यात सिनेमे-गाणी दाखवायचं सॉफ्टवेअर बसवलं. बटण दाबलं की कॉम्प्युटरचं मधलं काही दिसायचंच नाही. थेट थेटर! माऊस नको, कीबोर्ड नको, हातात नुसता रिमोट.

तसं ते एका झटक्यात जमलं नव्हतं. पंधरवडाभर टीव्हीवर नुसता काळा पडदा होता आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. "अवो, मालिकेतल्या सुनेला पोरगा झाला का पोरगी, हे मला शेजारणीला विचारावं लागून राहिलंय," असं म्हणत बायको सुकन्या भाकरी जरा जास्तच जोरात थापायची. पण शेषेराव हटले नाहीत. आणि जमल्यावर तरी गप बसावं की नाही! त्यांनी अजून एक करामत केली. मशीन रिकामं बसलं की त्यानं आपोआप फोटो दाखवायचे. गावाकडचं हळदीचं रान, विहीर, बैलजोडी, घाटावरचा सूर्यास्त. त्यासाठी मोबाईलमधले फोटो परस्पर मशीनमध्ये जातील अशी सोय केली. कुठले फोटो घ्यायचे, असं मशीननं विचारलं होतं. शेषेराव तेव्हा जेवायला उठत होते. "सगळे" म्हणून मोकळे झाले.

आता लग्नाच्या पोरीच्या बापाच्या मोबाईलमध्ये हळद कमी आणि नवरदेव जास्त असतात, हे त्या बिचाऱ्या मशीनला काय ठाऊक? दोन वर्षं सोयरेधायरे साक्षीसाठी स्थळं पाठवत होते. आणि शेषेराव पडले कचेरीतले. शेरा मारल्याशिवाय त्यांच्या हातून कागद पुढं सरकत नाही. प्रत्येक मुलाच्या फोटोवर ते बोटानं लाल फुली मारायचे आणि खाली शेरा लिहायचे.

लातूरचं स्थळ आलं, तेव्हा मात्र साक्षी पहिल्यांदा बोलली. घरच्यांना विचारूनच ती आणि तो मुलगा, शिवम, महिनाभर फोनवर बोलत होते. "पप्पा, मला हाच पसंत हाय," ती म्हणाली. "ह्या वेळी फुली मारू नका. आणि पाहुण्यांसमोर ते मशीन नका लावू."

फुली नाही मारायची, हे शेषेरावांनी मान्य केलं. मशीनचं मात्र त्यांना पटेना. पोरीला हवं ते घर मिळायचं असेल, तर आपलं घरही कमी नाही, हे पाहुण्यांना दिसायला नको का? पोरीच्या मायेपोटीच केलं त्यांनी जे काय केलं ते.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील अण्णाराव लातूरला आडत दुकान चालवायचे आणि फोनवरही तासभर सोडायचे नाहीत. जिन्यात त्यांनी तुरीचा भाव सांगितला, दारात रस्त्यातले खड्डे, आणि चपला काढेपर्यंत गुडघ्याचं दुखणंही सांगून झालं. मागून त्यांच्या पत्नी केवळाबाई आणि शिवम मुकाट्यानं आले.

शेषेरावांनी तिघांना टीव्हीसमोरच्या सोफ्यावर बसवलं आणि बटण दाबलं. थेटर सुरू झालं. आवाजानं शोकेसमधले कप थरथरले. "वा," अण्णाराव म्हणाले. एक गाणं झाल्यावर शेषेरावांनी ते थांबवलं आणि खुर्ची ओढून, टीव्हीकडं पाठ करून, पाहुण्यांकडं तोंड करून बसले. थोड्या वेळानं फोटो सुरू झाले. पहिला हळदीचा होता. शेषेरावांनी वळून एकदा बघितलं, तसल्ली झाली, आणि पुन्हा पाठ केली.

दुसऱ्या फोटोत हिंगोलीचा एक मुलगा निळ्या सुटात उभा होता. छातीवर लाल फुली. खाली शेरा: "पगार आईला विचारून सांगतो."

अण्णाराव बोलता बोलता थांबले. तिसरा आला परभणीचा: "नोकरी पक्की, केस कच्चे." मग उदगीरचा: "फोटो जुना. माणूस बी जुना."

"हे सगळं तुम्हीच केलंय?" पडद्यावरची नजर न काढता अण्णारावांनी विचारलं.

"मीच की. दुसऱ्याचा हात लागू दिला न्हाई."

"लई हायत हो."

"दोन वर्षांची मेहनत हाय, पाहुणे. अजून मोबाईलमधून येऊनच राहिलेत."

केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला. शिवम पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. तेवढ्यात साक्षी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि दारातच खिळली.

"पप्पा, मागं बघा."

शेषेराव वळले ते नेमके लातूरच्या वेळी. पडद्यावर शिवम हसत होता. फुली नव्हती. शेरा मात्र होता: "पोरगा चांगला. बाप लई बोलतो."

शेषेरावांनी रिमोटचं सापडेल ते बटण दाबलं. फोटो गेला. पण वाचायचं ते वाचून झालं होतं. साक्षीनं पोह्यांचा ट्रे दारातच खाली ठेवला. ते बघून शेषेराव खुर्चीवरून उठले. आपली इज्जत गेली ती गेली, पण दोन वर्षांत पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं आणि ते बापानं लाल अक्षरात बुडवलं.

"पाहुणे, चूक माझी हाय," ते हात जोडून म्हणाले. "पोरीचा ह्यात काडीचा दोष न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

आणि लातूरपासून बोलत आलेले अण्णाराव एक शब्द बोलेनात.

हसल्या त्या केवळाबाई. आधी पदराआड, मग उघडपणे, मग डोळे पुसत. "तीस वर्षं मी हेच सांगून राहिले ह्यांना. आज कुणीतरी लिहून दिलं एकदाचं!"

अण्णारावांनी घसा खाकरला. "शेषेराव, ते फोटो परत आणा."

"न्हाई हो, आता कशाला माझी..."

"आणा म्हणलं की. घरी धाकटी आरती हाय. तिच्यासाठी गावोगाव हिंडून चपला झिजल्या माझ्या. तुमच्याकडं तर सगळा माल एका जागी उतरलाय."

मग घरात भलतंच सुरू झालं. मशीनला हात लावला की फोटो जायचे आणि रिकामं सोडलं की यायचे, म्हणून सगळे हात मांडीवर ठेवून गप बसले. सुकन्यासुद्धा स्वयंपाकघरातून येऊन बसली. फोटो आला की शेषेराव गाव सांगायचे आणि अण्णाराव उलटतपासणी घ्यायचे.

"परभणीच्यावर फुली कामून?"

"केस..."

"केसाचं काय घेऊन बसलात? मला तरी कुठं हायत? त्यांना काय कळवलं?"

"पत्रिका जुळत न्हाई म्हणलं."

"अन् जुळत होती?"

"छत्तीसपैकी बत्तीस गुण," शेषेराव पडेल आवाजात म्हणाले.

"थांबवा त्याला, नीट बघू द्या," केवळाबाई म्हणाल्या. पण थांबवायला गेलं की तो जायचा. परभणीच्या त्या मुलासाठी सगळ्यांनी हळद, विहीर आणि बैलजोडी चारदा बघितली. साक्षी आणि शिवम कधीच गच्चीवर निघून गेले होते. साक्षीला एक प्रश्न विचारायची कुणाला फुरसत नव्हती.

निघताना शेषेरावांनी धीर केला. "मग, पसंतीचं कधी कळवता?"

"कळवायचं काय? परभणीचं पसंत हाय."

"अवो," केवळाबाई नवऱ्यावर डाफरल्या, "ते साक्षीचं विचारून राहिलेत."

"साक्षीचं?" अण्णाराव शेषेरावांकडं बघतच राहिले. "ते तर घरूनच ठरवून आलतो. पोरगं महिनाभर फोन कानाला लावून हसतंय, मग बापानं काय ठरवायचं राहतं? आज नुसतं तोंड गोड करायला आलतो."

शेषेरावांचे डोळे भरून आले. त्यांनी अण्णारावांना मिठीच मारली.

"ते राहू द्या," मिठीतूनच अण्णाराव म्हणाले. "परभणीला फोन तुम्ही लावा. नकार तुमचा, तर तोंड बी तुम्हीच दाखवा. आत्ता लावा, माझ्यासमोर."

शेषेरावांनी नाइलाजानं नंबर काढला. पलीकडं मुलाच्या वडिलांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"बोला, शेषेराव," ते शांतपणे म्हणाले. "पोराचे केस अजून थोडे गेलेत बगा. आता जुळतीय का पत्रिका?"