अमोलच्या लग्नातली गोधडी

लग्नात आहेर काय द्यायचा, या प्रश्नाने महेशची झोप कधीच उडाली नव्हती. पंचवटीत शाळेची व्हॅन चालवणारा हा माणूस. खिसा बेताचा पण डोकं तल्लख, असं त्याचं स्वतःबद्दलचं प्रामाणिक मत होतं. जिवलग मित्र अमोलचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने बायकोला ठणकावून सांगितलं, "आपला आहेर बघून अख्खा हॉल गहिवरला पाहिजे."

"कशाने?" योगिनीने विचारलं.

"गोधडीने. अमोलच्या लहानपणापासूनच्या कपड्यांची. आपण दोघं मिळून शिवू."

'दोघं' म्हणजे कोण, हे योगिनीला चार वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. पण कल्पना तिलाही आवडली.

महेश इगतपुरीला अमोलच्या आईकडे गेला. अमोल लहान असतानाच वडील वारले होते आणि सिंधुबाईंनी एकटीने त्याला वाढवलं होतं. त्या बेसन भाजत होत्या. हातातलं उलथणं न सोडता म्हणाल्या, "आतल्या खाटेवर कपाट रिकामं करून ठेवलंय. जुनं तेवढं उचल. कशाला पायजे, ते मी नाय विचारत."

खाटेवर ढीग होता. शाळेचे शर्ट, क्रिकेटची जर्सी, स्वेटर. त्यातच नीट घडी घातलेलं पिवळट पांढरं लांबरुंद कापड होतं. महेशने तेही पिशवीत कोंबलं. अस्तराला कापड लागेलच, एवढी दूरदृष्टी त्याच्याकडे होती.

"यावर कुंकू सांडलेलं दिसतंय," योगिनी घरी म्हणाली.

"ती बाजू आत घे," महेशने सल्ला दिला. शिवणकामात त्याचा हातभार तेवढाच.

योगिनी रोज दुपारी टाके घालत राहिली आणि गोधडी झाली मात्र देखणी. खाकी, निळ्या, लाल तुकड्यांची एक बाजू आणि पांढऱ्या कापडाची दुसरी. चकचकीत कागदात गुंडाळल्यावर ती एवढी फुगली की इगतपुरीच्या हॉलच्या दारातच नवरीकडचे लोक आपसात अंदाज बांधू लागले. एक काका म्हणाले, "वॉशिंग मशिन असेल." महेशने ऐकलं आणि मान ताठ केली.

मुहूर्त जवळ आला. नवरी हर्षाली सुरगाण्याची. ती हार घेऊन पाटावर उभी राहिली. समोर अमोल. भटजींनी हात पुढे केला, "अंतरपाट द्या."

सिंधुबाईंनी पूजेच्या पिशवीतली पांढरी घडी काढून दिली. भटजींनी ती दोन टोकांना धरून झटकली. अंतरपाटाला दोन पाय होते. मधोमध नाडी लोंबत होती.

"हा तर पायजमा आहे," भटजी शांतपणे म्हणाले.

हॉलभर खसखस पिकली. अमोलने आपला आठवीतला पायजमा ओळखला आणि मुंडावळ्यांआड तोंड लपवलं. सिंधुबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"उपरणं चालेल की," भटजी म्हणाले.

"नाय. तोच पायजे. यांच्या नि माझ्या लग्नातला हाय तो. कुंकवाचं स्वस्तिक हाय त्यावर. मी स्वतः खाटेवर काढून ठेवला होता, नि तिथलीच पांढरी घडी न उघडता पिशवीत घातली."

महेशला खाटेवरून पिशवीत कोंबलेलं ते कापड आठवलं. त्याने योगिनीकडे पाहिलं. ती आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होती. गप्प बसलं तर कुणालाच कळणार नव्हतं. पण सिंधुबाई पिशवी उलटी करून रिकामी झटकत होत्या, आणि ते त्याला बघवेना. आहेरांच्या टेबलावरून तो गठ्ठा उचलून त्याने टराटरा कागद फाडला.

"काकू, चुकलो. अंतरपाट याच्यात शिवला गेलाय. ही मागची बाजू."

भटजींनी गोधडी वरखाली पाहिली, मग घड्याळ पाहिलं. "उसवायला वेळ नाही. जो शिवून आणतो, त्यानेच धरायचा."

एक टोक महेशने धरलं, दुसरं अमोलच्या मामांनी. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींची झाली, मग हौशी मावशीची, मग नवरीकडच्या त्या काकांची, ज्यांनी सावधान म्हणायच्या आधी प्रत्येक वेळी खोकून घसा साफ केला. महेशचे दंड थरथरू लागले. गोधडी ओल्या पोत्यासारखी खाली आली की भटजी "वर, वर" म्हणत. इगतपुरीच्या थंडीत त्याच्या कानामागून घाम निथळत होता.

पण गोधडीच्या अल्याड हर्षालीसमोर अमोलचं सगळं लहानपण उभं होतं. शाईने भिजलेला खिसा, उलटा शिवलेला जर्सीचा नंबर. ती ओठ दाबून हसत होती. पल्याड अमोलसमोर वडिलांच्या लग्नातलं कापड होतं. टाक्यांमधून फिकट कुंकू दिसत होतं. तो एकदाही हसला नाही. शेवटच्या सावधानला गोधडी खाली आली, तेव्हा हर्षालीला त्याचे भरलेले डोळे दिसले. हार घालायचा सोडून तिने आधी आपल्या पदराने ते टिपले.

सिंधुबाईंनी गोधडीवरून हात फिरवला. महेश बोलणी खायला मान खाली घालून तयार होता.

"इतकी वर्षं नुसता कपाटात होता," त्या म्हणाल्या. "आता पोरं पांघरतील. बरं केलंस."

महेशच्या जिवात जीव आला. हॉल गहिवरला होता, आणि त्याने रसमलाई दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी अमोलचा फोन आला. "गोधडी कुठंय रे?"

शोधाशोध झाली. जेवणं होऊन गारठा वाढल्यावर हर्षालीच्या आत्या, गोजराबाई, ती गोधडी पांघरून खुर्चीतच झोपल्या होत्या आणि तशाच जीपमध्ये बसून सुरगाण्याला गेल्या होत्या.

नवी जोडी गोधडी आणायला गेली आणि तांदळाची गोणी घेऊन परत आली. सोबत गोजराबाईंच्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं होतं, थेट महेशच्या नावाने.

"आत्या म्हणाल्या, लय ऊब हाय," हर्षालीने आत्यांच्याच शब्दांत निरोप दिला. "तुम्ही मला अशीच दुसरी शिवून द्या, मगच ही सोडीन. बाईच्या हातची नको, ज्याने भर मांडवात 'मी शिवली' म्हणून पुढं येऊन धरली, त्यानेच शिवायची."

"मी शिवली असं मी कुठे म्हणालो?" महेश म्हणाला.

योगिनीने सुई-दोऱ्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि चहा टाकायला उठली.