सेनापती हरायला तयार नाही

‘सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शत्रूने वर्तुळ-७ हा ग्रह ताब्यात घेतला. जीवितहानी नाही.’

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या अंतराळकथेची ही पहिली दोन वाक्यं. आमच्या दैनिकात मुलांच्या कोपऱ्यात रोज तीनशे शब्दांची गोष्ट येते. ती लिहिणारे गृहस्थ आजारी पडले. वृत्तसंपादक उषाताईंनी टेबलावरूनच विचारलं, “आठवडाभर कोण लिहील? परग्रह, शूर मुलं, असलं काही?”

“मी!” मी म्हणालो. “बावीस वर्षं महापालिका लिहितोय. परग्रह तिच्यापेक्षा अवघड नसणार.”

अडचण एकच होती. मला कल्पनाशक्ती नाही. मी फक्त पाहिलेलं लिहू शकतो. म्हणून पाहिलेलं लिहिलं.

आम्ही भेस्तानला मणिप्रभा रो-हाउस सोसायटीत राहतो. मधोमध कॉमन प्लॉट, म्हणजे सगळ्यांचं सामाईक मोकळं मैदान आहे. तिथे आमच्या सोसायटीच्या मुली खो-खो खेळायच्या. सोसायटीचे प्रमुख गणपतआप्पा इच्छापोर-हजीराकडे बांधकामाची कंत्राटं घेतात. स्लॅब ओतताना खाली लावायच्या लोखंडी सेंट्रिंगच्या प्लेटा त्यांनी एका सकाळी या प्लॉटमध्ये आणून रचल्या आणि त्या तिथेच राहिल्या. मुलींनी अर्ज दिला. अर्जावर बैठक झाली. अध्यक्षस्थानी गणपतआप्पा! अर्ज सर्वानुमते फेटाळला गेला.

आणि आता रविवारी साडेआठला अंतिम सामना होता, पांडेसऱ्याच्या संघाशी. मैदान आमच्याकडे. साडेआठला मैदान तयार नसेल तर पांडेसऱ्याला पुढे चाल. आमच्या संघाची कर्णधार माझी मुलगी शर्वरी, वय वर्षं बारा. ती तीन महिने पार्किंगमध्ये दोन स्कूटरना खांब समजून सराव करत होती.

तर मी कॉमन प्लॉटचा ग्रह केला. शत्रूच्या ताफ्यात दोनशे चाळीस लोखंडी यानं दाखवली, कारण प्लेटा दोनशे चाळीस होत्या. मी मोजल्या होत्या. शर्वरी, मयुरी आणि नूतन या तीन शूर मुली झाल्या. शत्रूच्या सेनापतीच्या गळ्यात हिरवा रुमाल, हातात दोन फोन आणि बोलण्याआधी खाकरण्याची सवय. नाव तेवढं बदललं. बाकी तपशील बदलणं माझ्या स्वभावात नाही!

सोमवारी सकाळी शर्वरीने अंक वाचला आणि उडीच मारली. “बाबा, ही आमची गोष्ट आहे!”

“काल्पनिक आहे,” मी म्हणालो. “मग तुम्ही पुढे काय करणार?”

“उद्या शाळेतून आलो की पाण्याच्या टाकीमागच्या फटीतून आत घुसणार. रोज वीस प्लेटा कडेला. रविवारपर्यंत अर्धा प्लॉट मोकळा!”

उत्तम. मी ऑफिसला गेलो आणि तीनशे शब्द लिहिले. पाण्याची टाकी, मागची फट, शाळेनंतरची वेळ, वीस यानं. सगळं अचूक.

मंगळवारी संध्याकाळी मुली टाकीमागे गेल्या, तर फटीला दोन प्लेटा तारेने आवळून बांधलेल्या!

“बाबा!” शर्वरी दारातूनच ओरडली. “आपला पेपर आप्पाकाका पण घेतात!”

“कितीला उठतात ते?”

“साडेपाचला! आणि आम्ही सातला! शत्रूला आमचा प्लॅन आमच्याआधी कळतो!”

माझी बायको स्वाती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “घरात फितूर असल्यावर दुसरं काय होणार.”

मी फितूर नाही, वार्ताहर आहे, हा फरक मी समजावून सांगितला. कोणी ऐकलं नाही.

बुधवारी सकाळी बेल वाजली. दारात गणपतआप्पा. गळ्यात हिरवा रुमाल, हातात दोन फोन. ते खाकरले. बदनामी, नोटीस, सोसायटीचं पाणी बंद, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

“भाऊ,” ते आवाज खाली आणून आपल्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाले, “तो सेनापती मीच शे ना?”

“काल्पनिक आहे, आप्पा.”

“राहू दे रे! साइटवरची सगळी पोरं मला सेनापतीच म्हणायला लागली. वीस अंक जास्तीचे घेतले मी. मन्हा साडू धुळ्याहून फोन करी ऱ्हायना, म्हणे आप्पा, पेपरमा येई गया!” त्यांचा चेहरा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा उजळला होता. “फक्त एक सांगाचं होतं. सेनापती हारायला नको.”

“पण आप्पा, तो शत्रू आहे!”

“व्हय. शत्रूच. पण हारायला नको. रविवारी हारला तर सोमवारी साइटवर तोंड कसं दाखवू?”

ते चहा पिऊन गेले. लगेच आतल्या खोलीतून शर्वरी बाहेर आली. “रविवारी सेनापती हरलाच पाहिजे!”

“अगं, पण तो हरलेला नाही. घडलंच नाही ते कसं छापू?”

“बाबा, परग्रह आहे तो!”

“परग्रह असला म्हणून काय झालं?”

शुक्रवारपर्यंत मी दोन्ही बाजू तोलत तीनशे-तीनशे शब्द काढले. सेनापती जिंकत नव्हता, मुली हरत नव्हत्या. शनिवारच्या अंकात तर मी बोलणीच सुरू केली! शत्रूने अर्धा ग्रह ठेवावा, मुलींनी अर्ध्यावर खेळावं. सकाळी सव्वासहाला आप्पांचा फोन आला, “बोलणी कसाले? आपण काय कमजोर शे का?” सव्वासातला शर्वरीने माझ्याशी बोलणं बंद केलं. साडेअकराला उषाताईंचा फोन. “भेस्तान-इच्छापोरला अंक वाढलेत हं. सेनापतीला दुखवू नका.”

मी ऑफिसला निघालो तेव्हा शर्वरी पायरीवर बसली होती. अर्धा दिवस तिने विचार केला होता, आणि तो विचार असा होता की बावीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही सुचला नसता.

“बाबा, त्यांना हरवू नका. जिंकू द्या.”

“मग तुमचा सामना?”

“फक्त दुसरीकडे जिंकू द्या! लिहा की सगळं अंतराळ सेनापतीला हसतंय. त्याची यानं म्हणे गंजलीत, जमिनीला चिकटलीत. आता हलवायची म्हटली तरी हलायची नाहीत. आणि मग तो एका सकाळीत सगळा ताफा उचलून दाखवतो!”

“पण असं कोणी हसलंय का? मला दोन जणांकडून खात्री करावी लागेल.”

शर्वरीने हाक मारली. मयुरी आणि नूतन कुंपणाआडून उठल्या आणि प्लेटांकडे बघून खदाखदा हसल्या. खात्री झाली.

मी लिहिलं आणि मन लावून लिहिलं. सकाळी सहाला सेनापती गरजतो, सूर्य वर यायच्या आत दोनशे चाळीस यानं आकाशात झेपावतात, तिन्ही शूर मुली आश्चर्याने तोंडात बोटं घालतात. ताफा नेमका कुठे उतरतो, हे लिहायला जागा उरली नाही. तीनशे शब्द संपले होते.

रविवारी सकाळी सहा दहाला प्लॉटमध्ये बारा मजूर शिरले. मी झोपेत होतो; पुढची हकिगत स्वातीने सांगितली. आप्पा मधोमध उभे होते, हातात आमचा अंक. “गंजली म्हणतो? चिकटली म्हणतो? चला रे! उचला! दिवस वर यायच्या आत!”

“शेठ, टाकायच्या कुठे?” एका मजुराने विचारलं.

आप्पांनी अंक उलटापालटा करून पाहिला. कुठेच काही लिहिलं नव्हतं. मग त्यांनी आजूबाजूला नजर टाकली. “जवळच टाका. लांब न्यायला वेळ कोणाला शे?”

सात पन्नासला शेवटची प्लेट हलली. प्लॉट लख्ख मोकळा! आठ पाचला मुलींनी खांब रोवले. आठ वीसला चुन्याच्या रेषा पडल्या. आठ अठ्ठावीसला पांडेसऱ्याचा संघ टेम्पोतून उतरला, पुढे चाल घ्यायच्या तयारीने, आणि समोर आखीव मैदान पाहून जागीच थांबला. अख्ख्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आप्पांनी! “बघा! बघा सेनापती!” शर्वरी त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, “आप्पाकाका, वेळ तुम्ही सांगा. तुमचा आवाज मोठा आहे.” त्यांनी दोन्ही फोनवर घड्याळ लावलं. वर्तुळ-७ स्वतंत्र झाला होता, आणि सेनापतीही जिंकला होता!

या क्षणी मी उठलो, कॅमेरा घेतला आणि दाराची बाहेरची लोखंडी जाळी ढकलली. ती चार बोटं उघडली आणि खाण्णकन अडकली.

प्लॉटला लागून पहिलं घर आमचं आहे.

दोनशे चाळीस प्लेटा, माझ्या जाळीला टेकवून, छातीपर्यंत नव्हे, पार दाराच्या चौकटीवरच्या लिंटेलपर्यंत. वर एक फटीएवढं आकाश.

“स्वाती!”

“थांबा, पहिला डाव चालू आहे!” पलीकडून आवाज आला. मग कडेच्या फटीतून एक चहाचा कप आत सरकला. “तुम्ही आता युद्धकैदी आहात, असं शर्वरीने सांगितलंय.”

“आप्पांना म्हणावं, हटवा हे!”

“म्हटलं मी. ते म्हणाले, सेनापती जिंकलेली जागा सोडत नाही. आणि भाऊंनीच तसं लिहिलंय.”

मी असं कुठेच लिहिलेलं नाही! पण खुलासा करायला समोर फक्त लोखंड होतं. तेव्हा मी खुर्ची ओढली, जाळीशी बसलो आणि कानांनी वार्तांकन सुरू केलं. पत्रकाराला दिसत नाही म्हणून सामना थांबत नाही.

हे लिहीत असताना सकाळचे नऊ वाजून एकवीस मिनिटं झाली आहेत. शेवटचा डाव आहे. नूतन आणि मयुरी बाद. मैदानात एकटी शर्वरी. पांडेसऱ्याने तिला बाद केलं तर बरोबरी, नाहीतर चषक आपला. आप्पा सेकंद मोजत आहेत: “वीस! पंधरा! पळ, पोरी, पळ! दहा!” नियमानुसार वेळ सांगणाऱ्याने कोणाची बाजू घ्यायची नसते, हे मी जाळीतून ओरडून सांगितलं. उपयोग झाला नाही.

आता एकदम प्रचंड ओरडा झाला आहे. आपल्या बाजूने की त्यांच्या, हे प्लेटांमुळे कळलेलं नाही. आप्पांचा आवाज बंद आहे. अधिक माहिती अद्याप जाळीपर्यंत पोचलेली नाही.